माकडाचं काळीज निघालं जगाच्या सफरीला!

पटकन सांग, तुझं काळीज आत्ता कुठे आहे?

छातीत? नक्की? घरी राहिलं नाही ना, दाराच्या खुंटीवर लटकत?

हसू नकोस! अगदी अशीच थाप एका माकडाने मगरीला मारली होती. आणि मगरीला ती चक्क खरी वाटली!

ही गोष्ट तू ऐकली असशील. नसेल तर ऐक, दोन मिनिटांत सांगते. पाण्याच्या काठाला एक जांभळाचं झाड. झाडावर माकड. खाली येतो मगरोबा. माकड त्याला टपोरी जांभळं टाकतं, दोघांची गट्टी जमते. मगरोबा थोडी जांभळं घरी बायकोला नेतो. ती जांभळं खाते आणि तिच्या डोक्यात भलताच किडा वळवळतो. रोज इतकी गोड जांभळं खाणाऱ्या माकडाचं काळीज केवढं गोड असेल! मला तेच पाहिजे!

झालं. मगरोबा माकडाला म्हणतो, चल, आमच्या घरी जेवायला. बस माझ्या पाठीवर. आणि खोल पाण्यात गेल्यावर खरं काय ते सांगून टाकतो. माकड घाबरतं का? छे! ते म्हणतं, अरे, आधी नाही का सांगायचं? काळीज तर मी झाडाच्या ढोलीत ठेवून आलोय! फिरव मागे!

मगरोबा मागे फिरतो. माकड टुणकन झाडावर. पुढचं तुला माहीत आहेच!

ही गोष्ट आहे ‘पंचतंत्र’ नावाच्या संस्कृत पुस्तकातली. त्यात पाच भाग आहेत, म्हणून पंचतंत्र. माकड आणि मगरोबा चौथ्या भागात भेटतात. पुस्तकात त्यांना झोकदार नावंही आहेत. माकडाचं नाव रक्तमुख आणि मगरोबाचं करालमुख!

आता खरी गंमत. चल, आफ्रिकेला जाऊ.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ समुद्रात झांझिबार नावाचं एक बेट आहे. तिथले लोक स्वाहिली भाषा बोलतात. एडवर्ड स्टीअर नावाच्या इंग्रज पाद्रीबाबांनी तिथल्या गोष्टी ऐकून उतरवून घेतल्या आणि १८७० साली त्यांचं पुस्तक छापलं. त्यातली एक गोष्ट अशी. समुद्राकाठी एक झाड. झाडावर माकड. खाली येतो एक शार्क मासा. माकड त्याला फळं टाकतं, दोघांची गट्टी जमते...

थांब, थांब! पुढचं तूच सांगू शकशील, हो ना?

शार्क म्हणतो, चल आमच्या घरी, बस पाठीवर. मध्यावर गेल्यावर सांगतो, आमचा सुलतान आजारी आहे आणि त्याला औषध म्हणून माकडाचं काळीज हवंय. माकड म्हणतं, अरेरे! आम्ही माकडं बाहेर जाताना काळीज झाडावरच ठेवतो!

तीच गोष्ट! फक्त मगरोबाच्या जागी शार्क. चहूकडे समुद्र असलेल्या बेटावरच्या मुलांना शार्कचीच भीती जास्त वाटणार, नाही का?

आता तू म्हणशील, सारखं काहीतरी कुणालाही सुचू शकतं. दोन मुलांच्या चित्रकलेच्या वहीत सारखाच डोंगर आणि सारखाच सूर्य असतो, म्हणून काय त्यांनी एकमेकांचं बघून काढलं? शंका बरोबर आहे! पण पुढचं ऐक.

झांझिबारचं माकड झाडावर पोचल्यावर गप्प बसत नाही. ते शार्कला आणखी एक गोष्ट सांगतं, परटाच्या गाढवाची. सिंहाच्या तावडीतून हे गाढव एकदा निसटतं. तरी एका लबाडाच्या गोड बोलण्याला भुलून पुन्हा त्याच सिंहाकडे जातं आणि मरतं! मग सिंह विचारतो, याचं काळीज आणि कान कुठे गेले? ते तर त्या लबाडाने आधीच गट्टम केलेले असतात! तो साळसूदपणे म्हणतो, महाराज, याला काळीज आणि कान नव्हतेच. असते तर हा परत आला असता का?

आणि ओळख पाहू, पंचतंत्राच्या त्याच चौथ्या भागात, माकड आणि मगरोबाच्या गोष्टीच्या पोटात कोणती गोष्ट आहे?

परटाच्या गाढवाची! काळीज आणि कान नसलेल्या गाढवाची! आपल्याकडे त्याला फसवतो तो कोल्हा, तिकडे ससा. बाकी सगळं तेच. एक गोष्ट योगायोगाने सारखी निघेलही, पण गोष्टीच्या पोटातली गोष्टसुद्धा? म्हणजे ही गोष्ट नक्कीच प्रवास करत आली. पोटातल्या गोष्टीसकट!

पंचतंत्राची ही खास खुबी. स्वयंपाकघरात मोठ्या डब्यात मधला डबा आणि मधल्यात छोटा डबा ठेवलेला असतो ना? तस्सं. गोष्टीतला कावळा गोष्ट सांगायला लागतो, त्या गोष्टीतला उंदीर तिसरीच गोष्ट सुरू करतो. वाचता वाचता आपण कुठल्या डब्यात आहोत तेच विसरायला होतं! मला तर तसं हरवायला फार आवडतं.

बरं, आफ्रिका झाली. आता अरबी भाषेत डोकावू.

पंचतंत्राच्या अरबी पुस्तकातही माकड आहेच. फळं मात्र जांभळं नाहीत, अंजीर! आणि खाली पाण्यात कोण असेल? कासव! हो, कासवाच्या पाठीवर बसून आपलं माकड निघालंय. मगरोबाच्या मानाने कितीतरी सुरक्षित वाहन, पण कासवाच्या मनातही तेच काळं.

आणि आता जपान. ही वाट निराळी आहे. माकडाची गोष्ट बुद्धाच्या जातककथांमध्येही आहे. बौद्ध भिक्षूंबरोबर ती चीनला गेली आणि तिथून जपानला. जपानी गोष्टीत समुद्राच्या तळाशी ड्रॅगन राजाचा महाल आहे. राणी आजारी आहे आणि तिला हवंय माकडाचं यकृत. काळजाऐवजी यकृत! माकडाला फसवून आणतात, पण वाटेत एक बावळट प्राणी त्याच्यापाशी सगळं गुपित फोडून टाकतो. माकड म्हणतं, यकृत तर घरीच राहिलं की! आणि निसटतं.

तो बावळट प्राणी कोण? जेलीफिश! राजा असा संतापतो, असा संतापतो, की त्याला बडव बडव बडवतो. त्याची सगळी हाडं जातात. म्हणून म्हणे जेलीफिश आजही लिबलिबीत!

ते बडवणं सोडून दे, पण जेलीफिशला खरोखरच हाड नसतं. आणखी एक सांगू? त्याला मेंदू नसतो. आणि हृदयही नसतं! काळजाच्या गोष्टीत नेमका बिनकाळजाचा प्राणी येऊन बसला. गोष्ट सांगणाऱ्या जुन्या जपानी आजीला हे ठाऊक असायचं काहीच कारण नव्हतं. आहे की नाही कमाल?

म्हणजे बघ. मगरोबा, शार्क, कासव, जेलीफिश. समोरचा प्राणी बदलत गेला, फळ बदललं, काळजाचं यकृत झालं. पण माकड? माकड सगळीकडे माकडच! आणि थापही तीच!

पण ही सफर सुरू झाली कशी? तेव्हा विमानं नव्हती, छापखाने नव्हते, फोन तर नव्हतेच.

पंचतंत्र आपलं आपणच सांगतं की ते का लिहिलं गेलं. दक्षिणेत महिलारोप्य नावाच्या नगरात अमरशक्ती नावाचा राजा होता. त्याला तीन मुलगे, आणि तिन्ही अभ्यासाच्या नावाने शंख! राजा काळजीत पडला. तेव्हा विष्णुशर्मा नावाचे म्हातारे पंडित म्हणाले, सहा महिन्यांत यांना शहाणं करून दाखवतो. आणि त्यांनी काय केलं? छडी? घोकंपट्टी? मुळीच नाही. नुसत्या गोष्टी सांगितल्या! असे गुरुजी कोणाला नको असतील?

पुढे हे पुस्तक इराणच्या राजापर्यंत पोचलं. सुमारे १५०० वर्षांपूर्वीची ही हकिकत. राजाचं नाव खुस्रो नौशेरवान. त्याने आपल्या वैद्याला, बुर्झोयला, भारतात पाठवलं. का पाठवलं, ते फिरदौसी नावाच्या मोठ्या कवीने आपल्या ‘शाहनामा’ या ग्रंथात फार मजेदार सांगितलंय.

बुर्झोय म्हणे आला होता औषधी झाडपाला शोधायला! भारतातल्या डोंगरांवर अशी वनस्पती आहे की ती मेलेल्या माणसाला जिवंत करते, असं त्याने वाचलं होतं. बिचारा डोंगर डोंगर हिंडला. पानं कुटली, रस काढले. कोणी उठून बसेना! शेवटी एक म्हातारा ज्ञानी भेटला. तो म्हणाला, अरे बाबा, ते कोडं आहे. डोंगर म्हणजे ज्ञान. वनस्पती म्हणजे शब्द. आणि मेलेले म्हणजे अडाणी लोक! तुला हवं ते औषध आमच्या राजाच्या खजिन्यात आहे, पुस्तकाच्या रूपात.

पण राजा पुस्तक देईना. इथेच बसून वाच, म्हणाला. नक्कल करायची नाही! मग बुर्झोयने काय केलं असेल?

रोज थोडं वाचायचं. डोक्यात पक्कं बसवायचं. खोलीवर परत आलं की आठवून आठवून उतरवायचं आणि इराणला धाडायचं. अख्खं पुस्तक त्याने डोक्यातून पळवलं! आपल्याला एक पाढा पाठ करताना घाम फुटतो.

ही हकिकत थोडी दंतकथेसारखी आहे, हे मान्य. पण बुर्झोयने हे पुस्तक पहलवी, म्हणजे जुन्या इराणी भाषेत नेलं हे खरं. आणि दुःखाची गोष्ट अशी की त्याचं ते पुस्तक पुढे हरवलं. कायमचं! एक पानही उरलं नाही.

मग आपल्याला ते कसं कळलं? कारण हरवण्याआधी त्याच्यावरून दोघांनी भाषांतरं केली होती. एक सिरियाक नावाच्या जुन्या भाषेत. आणि दुसरं अरबीत, साधारण इसवी सन ७५० च्या सुमारास. हे अरबीवाले होते इब्न अल्-मुकफ्फा. जन्माने इराणी, पण अरबी अशी सुरेख लिहायचे की लोक आजही वाखाणतात.

त्यांच्या पुस्तकाचं नाव ‘कलीला व दिम्ना’. ही कोण मंडळी? पंचतंत्राच्या पहिल्या भागात दोन कोल्हे आहेत, करटक आणि दमनक. त्यांचीच ही नवी नावं. दमनक महा कारस्थानी. सिंह आणि बैल यांची घट्ट मैत्री असते. हा पठ्ठ्या याच्या कानात एक सांगतो, त्याच्या कानात दुसरंच सांगतो आणि दोघांत भांडण लावतो. शेवटी सिंह आपल्या जिवलग मित्राला, त्या बैलाला, मारून टाकतो.

आणि दमनकाला काय शिक्षा होते? काहीच नाही! तो मजेत प्रधान होतो!

काय? चालेल तुला असं?

अरबी पुस्तकातही ते चाललेलं नाही! तिथे एक अख्खं नवीन प्रकरण जोडलेलं आहे. त्यात दोन कोल्ह्यांचं बोलणं एक बिबट्या चोरून ऐकतो आणि सिंहाच्या आईला सांगतो. मग दिम्नाला पकडतात. त्याच्यावर खटला चालतो, साक्षीदार येतात. दिम्ना काय सफाईने उत्तरं देतो म्हणून सांगू! तरीही शेवटी त्याला शिक्षा होतेच.

खरं सांगू? मला जुना शेवटच जास्त आवडतो. लबाड माणूस कधी कधी सुटतो, आणि म्हणूनच त्याला ओळखता आलं पाहिजे, हे विष्णुशर्मांनी त्या राजपुत्रांपासून लपवलं नाही. पण तुला खटलाच आवडला असेल, तर आपण भांडू या खुशाल!

अरबी पुस्तकात चित्रंही असायची. जवळजवळ ८०० वर्षांपूर्वी हाताने लिहिलेली आणि रंगवलेली त्याची एक प्रत पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात अजून जपून ठेवली आहे.

आणि मग सुरू झाला खो-खो! अरबीने खो दिला ग्रीकला. अरबीनेच खो दिला हिब्रूला, हिब्रूने लॅटिनला. स्पेनमध्ये १२५१ साली थेट अरबीवरून भाषांतर झालं. मग जर्मन, मग इटालियन. इटालियनने खो दिला इंग्रजीला, १५७० मध्ये. फारसीतही पुन्हा पुन्हा नवी पुस्तकं झाली. त्यातलंच एक फिरत फिरत आलं आपल्याकडे, अकबर बादशहाच्या दरबारात! त्याची भाषा फार अवघड वाटली म्हणून अकबराने अबुल फजलला ते सोपं करून लिहायला सांगितलं. लेक माहेरी आली, पण बोलते फारसी! आपल्या मराठीत तर या घराण्यातलं पुस्तक छापखाना नवा नवा असतानाच आलं. पंचतंत्राचा धाकटा भाऊ म्हणजे ‘हितोपदेश’. तो १८१५ साली मराठीत छापला गेला, आणि तोही कुठे? थेट बंगालमध्ये, सेरामपूरला!

अभ्यासकांनी मोजदाद केली, तेव्हा पन्नासहून जास्त भाषा निघाल्या. आणि दोनशेहून जास्त निरनिराळी रूपं!

इंडोनेशियात जावा बेटावर मेंदुत नावाचं सुमारे १२०० वर्षांपूर्वीचं देऊळ आहे. तिथे तर या गोष्टी दगडात कोरल्यात. दोन पक्ष्यांनी काठी धरलीय आणि मधे कासव लोंबकळतंय! हो, तेच ते बडबडं कासव. बोलायला तोंड उघडलं, की खाली पडणारं!

फ्रान्समध्ये ला फाँतेन नावाचे कवी होऊन गेले. तिकडची मुलं शाळेत त्यांच्या कविता पाठ करतात. १६७८ साली त्यांनी आपल्या नव्या पुस्तकात मोकळ्या मनाने सांगून टाकलं की यातलं बरंचसं मी भारतातल्या एका ज्ञानी माणसाकडून घेतलंय. त्यांची एक कविता आहे दूधवालीची. डोक्यावर दुधाचा हंडा घेऊन ती निघते आणि मनात मांडे खाते. दूध विकून अंडी, अंड्यांतून कोंबड्या, मग डुक्कर, मग गाय आणि वासरू! आनंदाने उडी मारते आणि... धप्प!

पंचतंत्रात हाच घोटाळा एका कंजूष ब्राह्मणाने केलाय, पण त्याच्याकडे दूध नव्हतं, सातूच्या पिठाचं मडकं होतं. अरबस्तानात गेल्यावर मडक्यात मध आणि तूप आलं. फ्रान्सला पोचेपर्यंत दूध झालं. रस्ताभर मडकं एकदाही फुटल्याशिवाय राहिलं नाही!

आता शेवटची भेट. ब्रिटनमध्ये वेल्स नावाचा डोंगराळ प्रदेश आहे, तिथे बेडगेलर्ट नावाचं गाव आहे.

त्याआधी पंचतंत्रातली मुंगसाची गोष्ट आठव. आई पाणी आणायला जाते. पाळण्यात बाळ, राखणीला मुंगूस. साप येतो. मुंगूस सापाचे तुकडे तुकडे करतं आणि रक्ताने माखलेल्या तोंडाने आईला सामोरं धावतं. आईला वाटतं, यानेच बाळाला खाल्लं! ती भरली घागर त्याच्या अंगावर टाकते. आत जाऊन बघते तर बाळ खेळतंय.

ही गोष्ट पश्चिमेकडे निघाली खरी, पण तिकडे मुंगूस कुणी पाहिलंय? मग अरबी पुस्तकात त्याच्या जागी वीझल आला, मुंगसासारखाच लांबुळका आणि चपळ. युरोपात गेल्यावर त्याचा कुत्रा झाला. साप मात्र अजून सापच होता. वेल्समध्ये पोचता पोचता सापाचाही झाला लांडगा! तिथली गोष्ट सांगते, लवेलिन नावाच्या राजाचा गेलर्ट हा लाडका कुत्रा. त्याने बाळाला लांडग्यापासून वाचवलं आणि राजाने गैरसमजाने त्यालाच मारलं.

त्या गावात गेलर्टची समाधी आहे! झाडाखाली दगड उभे केलेत, पाटीवर सगळी हकिकत कोरली आहे. लांबून लांबून लोक येतात, फोटो काढतात, डोळे पुसतात. पण अभ्यासक सांगतात की ते दगड फार जुने नाहीत. दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वी गावातल्या एका खानावळवाल्यानेच ते रचून घेतले असावेत. लोक समाधी बघायला येतील, मग त्यांना भूक लागेल, मग ते जेवायला कुठे जातील, सांग बरं!

म्हणजे जो कुत्रा कधी नव्हताच, त्याला समाधी, पाटी, पाहुणे आणि एक चालणारी खानावळ. आणि आपल्या मुंगसाला? साधा दगडसुद्धा नाही!